कोलेस्टेरॉलची गोळी आणि आपला खिसा



आमच्या वस्तीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसे आहेत. डॉक्टर त्यांना ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी लिहून देतात. दोन महिने ती नेमाने चालते. मग पोरांची फी येते, घरभाडे येते आणि पहिली कात्री या गोळीला लागते. "आता बरं वाटतंय की, कशाला पैसे घालायचे?" असे घरोघरी ऐकू येते. पण बंधूंनो, कोलेस्टेरॉल दुखत नाही, म्हणून ते कळत नाही. ही गोळी यकृतात कोलेस्टेरॉल कमी तयार होऊ देते. गोळी सुटली की काही आठवड्यांत ते पुन्हा वाढते.

जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ साली एका बुरशीत या जातीचे पहिले द्रव्य शोधले. सुरुवातीला ही औषधे महाग होती. ॲटोरव्हास्टॅटिनच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. आपल्या देशात अनेक कंपन्या ते बनवतात. तेव्हा सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, हेच औषध जनरिकमध्ये लिहून द्याल का?" जनऔषधी योजना २००८ साली सुरू झाली, तिच्या केंद्रांत ते स्वस्त मिळते. सरकारी दवाखान्यातही चौकशी करा. विचारण्यात कसला कमीपणा? अंग दुखू लागले तर गोळी परस्पर सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

औषधाची चिठ्ठी वाचता येणे हेसुद्धा शिक्षणच आहे. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची चिठ्ठी आपण वाचून दिली, तरी पुष्कळ झाले. एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम!