त्वचा, रंग आणि प्रकाशकिरण



सन २०२० च्या जून महिन्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, हें आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. कित्येकांना त्यांत दैवी संकेत दिसला, कित्येकांनीं तो अपशकुन मानला. आणि जे या दोहोंपैकीं कांहींच मानीत नव्हते त्यांनीं छायाचित्रें काढून देशभर पाठविलीं. पुढें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तें पाणी तपासून सांगितलें कीं, हा रंग हॅलोआर्किया नांवाच्या सूक्ष्म जीवांचा आहे. उन्हाळ्यानें पाणी आटलें, खारटपणा वाढला, आणि ज्यांना असें खारें पाणी मानवतें ते जीव बेसुमार वाढले. परंतु माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें यांतली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हे जीव मुळांत गुलाबी कां असतात? उघड्या, उथळ पाण्यांत दिवसभर ऊन सोसावयाचें तर अंगावर कांहीं आच्छादन हवें; त्यांच्या अंगांतील तें तांबूस रंगद्रव्य हेंच त्यांचें आच्छादन. रंग प्रकाशाला आपल्या अंगावर घेतो आणि आंतल्या जीवाला वांचवितो.

मनुष्याच्या त्वचेचेंहि असेंच आहे. त्वचेच्या वरच्या पापुद्र्याच्या तळाशीं रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नांवाचें काळसर द्रव्य तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वांटून देतात. गोरा, गव्हाळ, सांवळा, काळा हे सारे भेद त्या द्रव्याच्या कमीअधिक प्रमाणाचे. रंगपेशींची संख्या मात्र सर्व मानवजातींत जवळजवळ सारखीच असते. गोऱ्या वधूसाठीं जाहिरात देणाऱ्यांनीं ही गोष्ट एकदां लक्षांत घ्यावी, असें जातां जातां सुचवावेंसें वाटतें.

प्रकाशानें त्वचेवर उपचार करण्याचीं जीं यंत्रें आज शहरोशहरीं दिसतात, त्यांचें बरेंचसें मर्म या रंगांत आहे. जेथें रंग नाहींसा झाला आहे तेथें प्रकाशाकडून एक काम करून घ्यावयाचें असतें. जेथें रंग भरपूर आहे तेथें दुसरें. हा भेद न ओळखतां यंत्र चालविलें तर औषधाचा निखारा होतो.

पहिल्या प्रकारांत सर्वांत मोठा विकार म्हणजे कोड. त्याला श्वेतकुष्ठ असेंहि म्हणतात, आणि या एका नांवानें आपल्या समाजाचें जेवढें नुकसान केलें आहे तेवढें प्रत्यक्ष रोगानें केलें नसेल. कोड हा कुष्ठरोग नव्हे. तो कोणत्याहि जंतूमुळें होत नाहीं, स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा विवाहानें तो दुसऱ्यास लागत नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणा कांहीं कारणानें चुकते आणि स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते, म्हणून डाग पडतात. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळेनासा होतो. कोडाच्या दुधासारख्या पांढऱ्या डागावर टांचणीचें टोंक इतर कातडीइतकेंच बोंचतें.

कांहीं वर्षांपूर्वीं घाटाखालच्या एका गांवाहून एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीच्या उजव्या गालावर, मानेवर आणि दोन्ही हातांच्या बोटांवर डाग होते. दोन वर्षें तिला घराबाहेर फारसें जाऊं दिलें नव्हतें. शाळा सुटली होती, आणि खिडकीसुद्धां बहुतेक बंदच असे. या रोगावरचा उपचार प्रकाशाचा आहे असें मीं सांगतांच आई म्हणाली, "डॉक्टरसायेब, इले उनात बसवलं त लोकं पायतीन ना!" मी क्षणभर निरुत्तर झालों. ज्या वस्तूनें डाग भरून यावयाचा, नेमकी तीच वस्तु या मुलीपासून लोकलज्जेनें दूर ठेवली होती. मला असें वाटतें कीं, आपल्या जिल्ह्यांत कोडावरचा सर्वांत अवघड भाग औषधाचा नसून हा खिडकी उघडण्याचा आहे.

प्रकाशाचा हा उपाय परदेशांतून आलेला आहे असें समजूं नये. अथर्ववेदांत किलास, म्हणजे हाच पांढरा डाग, घालविण्यासाठीं औषधीची प्रार्थना केलेली आहे. आणि आपल्या वैद्यकांत बावचीच्या, म्हणजे बाकुचीच्या बिया डागावर लावून अगर पोटांत देऊन रोग्याला उन्हांत बसविण्याची पद्धत जुनी आहे. १९३३ सालीं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं या बियांतून सोरालेन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. नाईलच्या कांठीं अशाच गुणाची एक वनस्पति उगवते; तिच्यांतल्या द्रव्याचे प्रयोग कैरोचे डॉक्टर अब्देल मोनेम अल् मोफ्ती यांनीं १९४० नंतरच्या दशकांत कोडाच्या रोग्यांवर केले. हें द्रव्य अंधारांत निरुपद्रवी असतें. ऊन पडतांच तें जागें होतें आणि त्वचेची प्रकाश घेण्याची शक्ति अनेक पटींनीं वाढवितें. म्हणूनच माझी एक कळकळीची विनंति आहे. बावचीचें तेल बाजारांत सहज मिळतें, आणि वऱ्हाडचें वैशाखाचें ऊन फुकट मिळतें. परंतु या दोहोंचा संयोग घरच्या घरीं घडवूं नका. तळहाताएवढे फोड आलेले रोगी मीं पाहिले आहेत. आणि फोडाच्या जागीं नवा डाग उठणें हें तर या रोगाचें वैशिष्ट्यच आहे.

युरोपांत या शास्त्राचा पाया घातला तो नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्यानें. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल त्याला १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. १९७४ मध्यें अमेरिकेंत सोरालेनची गोळी आणि अतिनील किरणांची दिव्यांची पेटी यांची सांगड घालण्यांत आली. आज मात्र बहुतेक ठिकाणीं गोळीचीहि जरूर राहिलेली नाहीं. सूर्यप्रकाशांत सर्व प्रकारचे किरण मिसळलेले असतात. त्यांतून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अगदीं अरुंद पट्टा तेवढा देणारे दिवे निघाले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १९९७ सालीं ॲम्स्टरडॅमच्या वैद्यांनीं या पट्ट्याचा कोडावरील उपयोग प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून तो सर्वत्र रूढ झाला.

हा उपचार पाहावयास अगदीं साधा आहे. माणूस उभा राहील एवढी पेटी असते, आंत नळीसारखे दिवे असतात, रोग्यानें डोळ्यांवर काळा चष्मा चढवून उभें राहावयाचें. आरंभीं कांहीं सेकंद, मग हळूहळू वाढवीत कांहीं मिनिटें. डाग थोडे असतील तर ३०८ नॅनोमीटरचा एक्झायमर किरण नेमका तेवढ्याच जागीं देतां येतो. आठवड्यांतून दोन किंवा तीन वेळां, आणि असे अनेक महिने. पहिल्या महिन्यांत बहुधा कांहींच दिसत नाहीं, आणि तेथेंच निम्मे लोक कंटाळतात. ज्यांचा धीर टिकतो त्यांना एके दिवशीं पांढऱ्या डागांत मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसूं लागतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागीं एक केस असतो. याचें कारण असें कीं, वरची त्वचा रंगहीन झाली तरी केसाच्या मुळाशीं कांहीं रंगपेशी लपून राहिलेल्या असतात. प्रकाशाच्या हांकेनें त्या वर चढून येतात आणि भोंवतीं पसरतात. म्हणून चेहरा आणि मान लवकर भरून येतात. ओंठ आणि बोटांचीं टोंकें, जेथें केसच नाहींत, तीं हट्टीपणानें तशींच राहतात. डागावरील केसहि पांढरे झाले असतील तर यश कमी येतें. हें रोग्याला पहिल्याच दिवशीं सांगणें हा प्रामाणिकपणा आहे.

त्या मुलीचें काय झालें असें आपण विचाराल. आठवड्यांतून दोन दिवस एस. टी.नें येणें, म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी बुडणें. एकदां कापूस वेंचणीच्या दिवसांत पांच आठवडे खंड पडला. तरी नऊ महिन्यांनीं गाल पूर्ण भरून आला, मान बरीचशी. बोटें आहेत तशींच आहेत. तिनें शाळा बाहेरून पुरी केली. हल्लीं घरीं वापरावयाचे हातांत धरण्याजोगे लहान दिवेहि मिळतात, आणि वैद्यानें मात्रा ठरवून दिली तर दूरच्या खेड्यांतील रोग्याला ते खरोखर वरदान आहेत. परंतु मात्रा ठरवून दिलेली असावी. शेजाऱ्याचा दिवा मागून आणूं नये.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. येथें रंग भरावयाचा नसून काढावयाचा असतो, आणि त्यासाठीं लेसर हें साधन आहे. १९१७ सालीं आइन्स्टाइननें त्याचें तत्त्व सांगितलें, आणि १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत मेमन यानें माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. दिव्याचा प्रकाश चोहींकडे पसरतो आणि त्यांत अनेक रंग असतात. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असून एका रेषेंत धांवतो. १९८३ मध्यें अँडरसन आणि पॅरिश यांनीं त्याच्या उपयोगाचा नियम घालून दिला: जी वस्तु नष्ट करावयाची तिला आवडणारा रंग निवडावा, आणि तिची उष्णता शेजारीं पसरण्यापूर्वींच किरण थांबवावा.

आपल्या बाजूला या नियमाचें उत्तम उदाहरण म्हणजे गोंदण. कपाळावरची टिकली, हनुवटीवरचे ठिपके, मनगटावरची तुळस हें आपल्या आज्यांचें लेणें. तें काजळीचें, म्हणजे कोळशाच्या कणांचें असतें. १०६४ नॅनोमीटरचा किरण सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजावा लागेल इतका थोडा वेळ त्यावर पडला, म्हणजे कण फुटून बारीक होतात, आणि शरीरांतील सफाई करणाऱ्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात. एका बैठकींत हें होत नाहीं. कांहीं आठवड्यांच्या अंतरानें अनेक बैठका लागतात. आजीचें गोंदण कोणी काढावयास आणीत नाहीं, आणि आणूंहि नये असें माझें मत आहे. येतात ते सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण. हाताच्या आंतल्या बाजूस कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंज्याच्या पाठीवर असलेलें गोंदण सैन्याला चालतें, इतरत्र चालत नाहीं. आदिवासींच्या रूढीच्या गोंदणाला तेवढी सवलत आहे. जत्रेंत हौसेनें दंडावर काढून घेतलेलें नांव असें भरतीच्या आड येतें.

असाच एक तरुण माझ्याकडे उशिरां आला. दंडावरचें नांव घालविण्यासाठीं तो आधीं एका सौंदर्यगृहांत गेला होता. तेथें केस काढण्याचें झगझगीत दिव्याचें यंत्र होतें, तेंच त्याच्या गोंदणावर चालविण्यांत आलें. हें यंत्र लेसर नव्हे. त्यांत अनेक रंगांचा प्रकाश असतो आणि त्याचा झोत लाखों पटींनीं अधिक वेळ टिकतो. गोंदणाची काजळी तापली, पण फुटली नाहीं. आणि सांवळ्या त्वचेचें मेलॅनिनहि त्याबरोबर भाजून निघालें. नांव अर्धवट वाचतां येतें, भोंवतीं उंच वण उठला आहे, आणि मध्यें पांढरे पट्टे पडले आहेत. "हें कोड तर नाहीं ना?" हा त्याचा पहिला प्रश्न होता. कोड नव्हतें, पण भरतीचा तो हंगाम गेला.

आपल्या त्वचेंतील मेलॅनिन हें उन्हापुढें कवच आहे, आणि अशा यंत्रापुढें तेंच आपलें वैरी होतें. गोऱ्या कातडीवर जी मात्रा निर्धास्तपणें चालते ती आपल्याला भाजते. १०६४ नॅनोमीटरचा किरण मेलॅनिन फारसा ओढून घेत नाहीं, म्हणून सांवळ्या त्वचेला तो त्यांतल्या त्यांत निर्धोक. तेव्हां यंत्रासमोर बसण्यापूर्वीं, किरण कोणता, चालविणारा त्वचारोगाचा शिकलेला वैद्य आहे काय, आणि आधीं कानामागें लहानशा जागीं परीक्षा करून पाहणार काय, हें विचारण्यांत संकोच करूं नये. डोळ्यांवर झांकण नसेल तर तेथून उठून यावें. हा १०६४ चा किरण डोळ्याला दिसत नाहीं, पण नेत्रपटलापर्यंत पोंचतो. पिकलेले केस लेसरनें जातील असें कोणी सांगितलें तर तेंहि खरें मानूं नये, कारण त्या केसांत किरणानें पकडावें असा रंगच उरलेला नसतो.

केसांवरून आठवलें. २०२४ च्या अखेरीस शेगांव तालुक्यांतील कांहीं खेड्यांत लोकांचे केस झपाट्यानें गळूं लागले. तपासणींत रुग्णांच्या शरीरांत सेलेनियम अधिक आढळलें, आणि महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं त्याचा संबंध स्वस्त धान्याच्या गव्हाशीं जोडला. पुढें पुष्कळांचे केस पुन्हां उगवूं लागले. केस वाढविण्याच्या लाल दिव्याच्या टोप्या बाजारांत विकल्या जातात. पण ज्या व्याधीचें मूळ ताटांत आहे तिथें टोपी काय करणार?

शेवटीं, दिव्यांच्या उपचारानें कर्करोग होतो काय, असें नेहमीं विचारलें जातें. गोऱ्या लोकांत सोरालेन आणि दिवे मिळून शेंकडों बैठका झाल्यावर त्वचेच्या कर्करोगाचें प्रमाण वाढलेलें आढळलें आहे. ३११ नॅनोमीटरच्या दिव्यांबाबत अद्याप तसें स्पष्ट दिसलेलें नाहीं, आणि आपल्या त्वचेचें कवच येथें आपल्या बाजूचें आहे. तरीसुद्धां किती बैठका झाल्या आणि प्रत्येक वेळीं किती मात्रा दिली याचा हिशेब राहिला पाहिजे. रोग्यानें एक लहानशी वही करावी, दर वेळीं तींत तारीख आणि मात्रा लिहून घ्यावी, आणि वैद्य बदलला तर ती वही बरोबर न्यावी.