संख्येने थोडा, कामाने मोठा : मूत्राशयातील एम-३ रिसेप्टर

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ते साठत असताना भिंतीतला डिट्रुसर हा अनैच्छिक स्नायू तासन्‌तास सैल राहतो आणि वेळ येताच सगळा मिळून आकुंचन पावतो. आकुंचनाचा आदेश मज्जारज्जूच्या त्रिक भागातून परानुकंपी तंतूंवाटे येतो. तंतूंच्या टोकांतून अ‍ॅसिटिलकोलिन सुटते आणि स्नायूपेशींवरच्या मस्करिनिक रिसेप्टरांना जाऊन मिळते.

या रिसेप्टरांत एम-२ बहुसंख्य आहेत, एम-३ बरेच कमी. तरीही निरोगी मूत्राशयाचे आकुंचन घडवतो तो मुख्यतः एम-३च. त्याच्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरते आणि ऱ्हो-कायनेज हे विकर आकुंचन टिकवून धरते. एम-२ची मदत अप्रत्यक्ष: स्नायू सैल करणाऱ्या सायक्लिक एएमपीची निर्मिती तो रोखतो. नुसत्या मोजणीवर विसंबले असते, तर खरा कर्ता नजरेआडच राहिला असता.

प्राण्यांवरून काढलेले निष्कर्षही इथे जपूनच घ्यावे लागतात. उंदीर किंवा गिनिपिगच्या मूत्राशयाला मस्करिनिक रिसेप्टर अडवणारे अ‍ॅट्रोपिन दिले तरी आकुंचनाचा मोठा भाग शिल्लक राहतो, कारण तिथे एटीपी हाही संदेशवाहक पी-२-एक्स-१ रिसेप्टरांमार्फत काम करतो. निरोगी माणसात मात्र अ‍ॅट्रोपिनने आकुंचन जवळजवळ थांबते. मूत्रमार्गात अडथळा असलेल्या रुग्णांत एटीपीचा वाटा वाढलेला आढळतो. म्हणूनच शस्त्रक्रियेत मिळणाऱ्या मानवी ऊतींवरचे संशोधन अनमोल आहे.

साठवणुकीच्या काळात स्नायू सैल ठेवण्यात बीटा-३ रिसेप्टरांचा वाटा असतो. त्यांना चालना देणारे मिराबेग्रॉन जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले. जुनी औषधे मस्करिनिक रिसेप्टर अडवतात. एम-३ लाळग्रंथींत आणि आतड्यांतही असल्यामुळे त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो. यांतली काही औषधे मेंदूत पोचून वृद्धांची स्मृती मंदावू शकतात. अशा रुग्णाची आधीची सगळी औषधे पाहिल्याशिवाय नवी चिठ्ठी लिहिणे धोक्याचे आहे.

वारंवार आणि घाईने होणारी लघवी हा वयाचाच भाग, असे समजून किंवा संकोचापोटी अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, त्याबद्दल बोलत नाहीत. तपासणीच्या वेळी हा प्रश्न डॉक्टरांनीच आधी विचारावा.