दुर्मिळ मृत्तिकांची फारकत

केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत पिवळसर तपकिरी कण मिसळलेले असतात. मोनाझाइट हें त्या खनिजाचें नांव. १९०९ सालीं त्याचा तेथें शोध लागला. त्यांत थोरियमबरोबर सेरियम, लँथॅनम, निओडिमियम इत्यादि धातु फॉस्फेटच्या रूपानें एकवटलेले असतात. ह्या कुलास ‘दुर्मिळ मृत्तिका’ म्हणतात. परंतु नांव फसवें आहे. सेरियम पृथ्वीच्या कवचांत जवळजवळ तांब्याइतकें आहे. दुर्मिळ आहे ती ह्या धातूंची एकमेकांपासून फारकत.

वाळूंतून मोनाझाइट निवडणें त्या मानानें सोपें. इल्मेनाइटचे कण चुंबकाकडे जोरानें ओढले जातात, मोनाझाइटचे मंदपणें, गारेचे मुळींच नाहींत. अलुवा येथें १९५२ सालीं कारखाना निघाला. तेथें मोनाझाइटची पूड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावांत तापवीत. फॉस्फेट द्रावांत उतरे. उरल्या गाळांत हायड्रोक्लोरिक आम्ल बेतानें घातलें कीं मृत्तिका विरघळत आणि बहुतेक थोरियम मागें राही.

खरा पेंच येथून पुढें. तीळ आणि मोहरी निवडतां येतात, कारण भेद डोळ्यांस दिसतो. ह्या धातूंच्या अणूंचें बाह्य कवच सारखेंच. भेद काय तो आंतील कवचांत आणि आकारमानाच्या किंचित् फरकांत. एकाचें लवण विरघळलें कीं दुसऱ्याचेंही विरघळतें, केवळ थोडें कमी-अधिक. मात्र ह्या ‘थोड्या’चाच आधार संशोधकांनीं घेतला. खडीसाखर जमतांना मळ पाकांत मागें राहतो, हें गृहिणींस ठाऊक आहे. तोच न्याय येथें. लवण विरघळवावें, स्फटिक जमूं द्यावे, द्राव निराळा काढावा, आणि पुनः तेंच करावें.

अमेरिकेंतील न्यू हँपशायर येथें चार्ल्स जेम्स नांवाच्या अध्यापकानें ब्रोमेट लवणें वापरून हा मार्ग सुधारला. शुद्ध थुलियमसाठीं त्यांनीं सुमारें १५,००० वेळां स्फटिक जमविले. तें कार्य १९११ सालीं प्रसिद्ध झालें. ल्युटेशियमही त्यांच्या हातीं आलें होतें. परंतु १९०७ सालीं पॅरिसच्या उर्बें ह्यांनीं तें आधीं जाहीर केलें, तेव्हां जेम्स ह्यांनीं आपला हक्क सांगितला नाहीं.

पुढें एम्स येथें स्पेडिंग ह्यांनीं राळेच्या कणांनीं भरलेल्या उंच नळ्यांतून द्राव झिरपवून तीच फारकत साधली. १९४७ सालीं ही रीत जगापुढें आली. आज आम्लांतील द्राव रॉकेलासारख्या तेलाशीं, विशिष्ट रसायन मिसळून, ओळीनें मांडलेल्या शेंकडों टाक्यांतून घुसळतात. टाकीगणिक फरक थोडाच. टाक्या मात्र पुष्कळ. पंख्यांच्या व मोटारींच्या लोहचुंबकांतील निओडिमियम असेंच मिळतें.

ह्या उद्योगाची एक बाजू विसरतां येत नाहीं. थोरियम किरणोत्सर्गी आहे. गाळ जपून ठेवावा लागतो, आणि कामगारांच्या प्रकृतीची काळजी हाही त्या रीतीचाच भाग आहे. धातु शुद्ध झाला, पण परिसर मलिन झाला, तर ती फारकत अपुरीच म्हणावयाची.