एका हुद्द्याची गोष्ट

(मंडळाच्या नोव्हेंबरच्या बैठकीत केलेले भाषण. काही सभासदांनी विचारणा केल्यामुळे लिहून देत आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी सैनिक नाही आणि वकीलही नाही. फॉर्म भरण्याची सवय मात्र आहे. व्हिसा, ग्रीनकार्ड, नागरिकत्व असं करत करत आपण सगळेच त्यात तरबेज झालो आहोत. त्या सवयीचा उपयोग गेल्या दोन वर्षांत एका वेगळ्याच कामासाठी झाला, त्याबद्दल आज बोलणार आहे.

आमचे शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कृष्णवर्णीय गृहस्थ आहेत. १९६८ साली सक्तीच्या भरतीत त्यांना सैन्यात जावं लागलं. व्हिएतनाममध्ये ते रेडिओ दुरुस्त करायचे. परतण्याच्या काही आठवडे आधी त्यांना बढती मिळाली, 'स्पेशालिस्ट ४' चे ते 'स्पेशालिस्ट ५' झाले. पगाराच्या श्रेणीत हा हुद्दा सार्जंटच्या बरोबरीचा. पण सुटका झाली त्या दिवशी कारकुनाने जुन्या कागदावरून टाइप केलं आणि डीडी २१४ वर जुनाच हुद्दा उमटला. डीडी २१४ म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणारा दाखला. घरकर्ज, शिक्षण, दवाखाना, दफन, सगळीकडे तोच दाखवावा लागतो. बावीस वर्षांचा मुलगा, घरी जायची घाई. न वाचता सही केली.

चूक लक्षात आली ती घरकर्जाच्या वेळी. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "एका आकड्याने काय फरक पडतो?" ते गप्प बसले, ते जवळजवळ पन्नास वर्षं.

मग आता का? मीही हेच विचारलं. पैशाचा प्रश्न जवळपास नव्हताच. काही महिन्यांच्या पगारातला फरक निघाला तर निघाला, आणि अपंगत्वाचा भत्ता हुद्द्यावर अवलंबून नसतो. बरं, ज्या हुद्द्यासाठी भांडायचं तो 'स्पेशालिस्ट ५' सैन्यानेच १९८५ मध्ये बंद केला आहे.

त्यांनी दोन कारणं सांगितली. एक, सरकार सैनिकाच्या थडग्यासाठी जो दगड देतं, त्यावर कागदोपत्री असेल तोच हुद्दा कोरला जातो. दुसरं सांगायला त्यांना वेळ लागला. त्यांच्या मुलाने एकदा तो दाखला पाहिला होता. वडील आयुष्यभर जो हुद्दा सांगत आले तो कागदावर नव्हता. मुलगा काही बोलला नाही. "तो बोलला असता तर बरं झालं असतं," असं ते म्हणाले.

मला माझे वडील आठवले. ते सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या सेवापुस्तकात एक नोंद चुकली होती आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी त्यांनी किती खेटे घातले ते मी लहानपणी पाहिलं आहे. साहेब म्हणायचे, "पुस्तकात आहे तेच खरं." कागद आणि माणूस समोरासमोर उभे राहिले की माणसालाच पुरावा मागितला जातो.

इथली पद्धत थोडक्यात सांगतो. १९४६ च्या कायद्याने अशा दुरुस्त्यांसाठी नागरी मंडळं नेमण्याची सोय झाली. भूदल, नौदल आणि हवाईदल यांची मंडळं वेगवेगळी आहेत. अर्ज डीडी १४९ या फॉर्मवर करायचा, त्याला फी नाही. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर मंडळ ती मुदत माफ करू शकतं. सरकारी नोंद बरोबरच आहे असं गृहीत धरलं जातं, चूक सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात.

पुरावा कुठून आणायचा? आधी सेंट लुईसहून फाइल मागवली. तिथल्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि एक कोटी साठ ते ऐंशी लाख फाइली जळाल्या. त्यांत १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या बहुतेक फाइली होत्या. प्रती ठेवलेल्याच नव्हत्या. आमच्या शेजाऱ्यांची फाइल नंतरची, म्हणून वाचली. पण बढतीचा आदेश तिच्यात नव्हता.

तो सापडला त्यांच्या दिवंगत पत्नीच्या बायबलमध्ये. पिवळी पडलेली कार्बन प्रत, एकाच कागदावर बढती मिळालेल्या अनेकांची नावं. त्या यादीतला एक जण अजून हयात होता, त्याने प्रतिज्ञापत्र दिलं. नव्या हुद्द्याची फीत दिसणारा एक फोटोही निघाला. सगळं जोडून अर्ज पाठवला.

मंडळी, हे एका कारकुनाच्या चुकीबद्दल झालं. काही नोंदी मात्र चुकून चुकत नाहीत. चार्ल्स यंग हे १८८९ साली वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडलेले तिसरे कृष्णवर्णीय पदवीधर. १९१७ मध्ये ते जनरल होण्याच्या उंबरठ्यावर होते, तेव्हा तब्येतीचं कारण देऊन त्यांना निवृत्त करण्यात आलं. आपण धडधाकट आहोत हे दाखवायला ते १९१८ मध्ये ओहायोहून वॉशिंग्टनपर्यंत जवळपास पाचशे मैल घोड्यावरून गेले. ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा त्यांना मिळाला २०२२ मध्ये, मानद, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

हा इतिहास आपल्याला परका नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीअर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये. बाबासाहेबांच्या वडिलांच्या नावामागे आपण आजही 'सुभेदार' लावतो. गावाने जे नाकारलं ते त्या एका शब्दाने दिलं होतं. ज्यांना जन्माने मान मिळतो त्यांना हुद्द्याचं महत्त्व चटकन कळत नाही.

आणि भगतसिंग थिंद. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, सन्मानाने सेवामुक्त झाले. तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. कोर्टात त्यांच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा आपण सोयीने विसरतो: मी उच्चवर्णीय हिंदू, म्हणजे आर्य, म्हणून गोरा! जातीचा तो दाखला कोर्टाने मानला नाही. पुढे १९३५ मध्ये महायुद्धातल्या सैनिकांसाठी कायदा झाला आणि १९३६ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं. जातीने जे मिळवता आलं नाही ते सेवेच्या नोंदीने मिळालं. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांपासून चार हात लांब राहणाऱ्या आपल्या मंडळींनी यावर विचार करावा.

असो. आमच्या अर्जाचा निकाल अकरा महिन्यांनी आला. मुदत माफ, विनंती मान्य. सोबत डीडी २१५, म्हणजे दुरुस्तीचा कागद. त्यांनी मुलाला जेवायला बोलावलं आणि कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. मीही होतो. मुलाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "डॅड, मला वाटलं होतं..." पुढे त्याला बोलवेना. शेजारी म्हणाले, "मला माहीत होतं तुला काय वाटलं होतं. जेव आता."

प्रत्येक अर्ज असा यशस्वी होईल असं नाही. पुरावा नसेल तर नकारही येतो. पण आपल्या गावात असे म्हातारे सैनिक आहेत, आणि बऱ्याच जणांना फॉर्मची भीती वाटते. काउंटीत यासाठी मोफत मदत करणारे अधिकारी असतात, त्यांच्याकडे नेऊन पोहोचवलं तरी अर्धं काम होतं. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून त्यांना सावध करा. मूळ कागद कधीही पाठवू नका, प्रतीच पाठवा. घरातल्या जुन्या पेट्या, अल्बम, बायबलं उघडून बघा.

जानेवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी गावच्या लायब्ररीत दोन तास बसणार आहे. आणखी दोघं-तिघं आले तर बरं होईल. येताना फक्त वाचायचा चष्मा आणि थोडा धीर आणा. फॉर्म कसे भरायचे ते आपल्याला येतंच.