क्रिलचा पूल, पेंग्विनची भिंत

मी वर्ध्याहून बोलतोय. आजचा विषय अंटार्क्टिकाचा आहे, पण शेवटी आपण आपल्या सेलू तालुक्यातच येणार आहोत. तेव्हा इअरफोन काढू नका.

अंटार्क्टिकाभोवती समुद्राचा एक प्रचंड प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे गोल फिरतो. त्यात क्रिल असतात. दिसायला झिंग्यासारखे, मोठे झाले तरी जेमतेम सहा सेंटिमीटरचे. त्यांची पिल्लं प्रवाहासोबत वाहत जातात, दूर कुठेतरी मोठी होतात आणि तिथल्याच क्रिलमध्ये मिसळतात. म्हणून या टोकाच्या आणि त्या टोकाच्या क्रिलचा डीएनए जवळजवळ सारखाच निघतो.

आता जेंटू पेंग्विन बघा. पोहण्यात एकदम फास्ट. पण याच प्रवाहात दक्षिणेचं बर्फगार पाणी आणि उत्तरेचं त्यामानाने कोमट पाणी जिथे भेटतं, ती सीमा ते सहसा ओलांडत नाहीत. दोन्हीकडच्या जेंटूंचा डीएनए इतका वेगळा झालाय, की काही शास्त्रज्ञ त्यांना वेगवेगळ्या जाती मानतात.

म्हणजे प्रवाह तोच. क्रिलसाठी पूल, जेंटूसाठी भिंत.

आता या आपल्या बोरला. 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, गाभा क्षेत्र फक्त 138 चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत किती वाघ मावणार? नर बछडा दोनेक वर्षांचा झाला की स्वतःचा इलाका शोधायला निघतो. पेंच, मेळघाट, ताडोबा या जंगलांशी हे येणं-जाणं थांबलं, तर नात्यातल्या नात्यातच पिल्लं होणार आणि पुढच्या पिढ्या कमजोर पडण्याचा धोका वाढणार.

क्रिलला पाणी वाहून नेतं, वाघाला मात्र चालत जावं लागतं. आणि मध्ये आपले रस्ते आहेत. डिसेंबर 2017 मध्ये बोरचा 'बाजीराव' नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. एक वाघ तर गेलाच, पण त्याच्यासोबत पुढे पोचू शकणारे जीन्सही तिथेच संपले.

आता समृद्धी महामार्गही वर्धा जिल्ह्यातून जातो. मला तो आवडतो, घरी लवकर पोचवतो. आपल्यासाठी तो पूलच आहे. प्राण्यांसाठी ती भिंत होऊ नये म्हणून त्यावर काही ठिकाणी वरून-खालून वाटा ठेवल्यात. पण त्या वाटेच्या दोन्ही टोकांना झाडी राहिली नाही, तर वाघ तिथपर्यंत येणार कसा? आणि बऱ्याच जुन्या रस्त्यांवर तेवढ्याही वाटा नाहीत.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. जंगलपट्ट्यात रात्री गाडी हळू चालवा. आणि गावाजवळचं झुडपी जंगल कुणी 'रिकामी जागा' म्हणालं, तर त्याला एकदा विचारा, ही कुणाची वाट आहे?

चला, भेटू पुढच्या भागात.