लंगड्या शनीचा हिशेब

(लष्कर, ग्वाल्हेर येथे २०२५ च्या कोजागरीनंतर शरद व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



शनिश्चरी अमावास्येला ऐंतीच्या डोंगरावर जाऊन आलेले इथं बरेच असतील. मुरैना जिल्ह्यातलं हे ठाणं आपल्याला तसं जवळचंच. तिथं आंघोळ करायची, तेल वाहायचं आणि जुने कपडे, चपला तिथंच सोडून यायचं. चपलांचा तो ढीग पाहिला की वाटतं, साडेसाती टाकायला आलेली इतकी माणसं अनवाणी घरी गेली तरी कशी!

तिथली कथा अशी. मेघनादाच्या जन्मवेळी रावणानं सगळ्या ग्रहांना अकराव्या स्थानात बसवलं. शनीनं हळूच एक पाय बाराव्यात टाकला. रावणानं चिडून तो मोडला आणि शनीला कैदेत घातलं. पुढे मारुतीनं त्याला सोडवून लंकेतून भिरकावलं, तो येऊन पडला ऐंतीला.

आता हीच कथा आकाशात बघू. चंद्र एक रास सव्वादोन दिवसांत ओलांडतो, सूर्य महिन्यात, गुरू साधारण वर्षात. शनीला राशिचक्राच्या एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीला जवळजवळ अडीच. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत सगळ्यांत संथ तोच. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. पुराणानं त्याला लंगडा केला, तो उगाच नव्हे.

आणि पुढच्या घरात टाकलेला पाय? तोही पंचांगात सापडतो. यंदा २९ मार्चला शनी मीनेत आला. २०२७ च्या जूनमध्ये तो मेषेत जाईल, ऑक्टोबरात पुन्हा मीनेत परतेल. यालाच आपण वक्री म्हणतो. खरं तर शनी मागे फिरत नाही. धावत्या गाडीतून शेजारच्या रुळावरची संथ मालगाडी मागे जाताना दिसते ना, तसंच हे. सूर्याभोवती आतल्या वाटेनं धावणारी आपली पृथ्वी त्याला मागे टाकते, इतकंच.

आता साडेसाती. आपली चंद्ररास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशींतून शनी जातो तो काळ. तीन अडीचकी साडेसात. म्हणजे सध्या कुंभ, मीन आणि मेष राशीवाले साडेसातीत आहेत. बारांपैकी तीन राशी, म्हणजे दर चार माणसांत ढोबळमानानं एक. या सभागृहात दोनशे जण असतील तर पन्नासांना साडेसाती आहे. पन्नासांचं दुखणं एकसारखं कसं असेल? त्यांच्यात कुणाच्या घरी यंदा लग्न आहे, कुणाला नुकतीच बढती मिळाली आहे. ग्रहाच्या चालीचं गणित बिनचूक आहे. त्यावर रचलेल्या फलाची ग्वाही मात्र ते गणित देत नाही.

म्हणून एक विनंती. सभा संपली की गच्चीवर जा. आग्नेयेला एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका दिसेल. तोच शनी. तुम्ही साडेसातीत असाल तर ओळख करून घ्या. नसाल तर घाई नाही. तो तुमच्याकडे यायला निघालेलाच आहे, त्याच्या चालीनं.