काकासाहेबांचे घड्याळ



चित्रपटात भिंतीवरची वस्तूही बोलते, हे मला ‘कुंकू’ने शिकविले. १९३७ साली प्रभातने काढलेल्या, व्ही. शांतारामांच्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाहीच; आहेत ते घरातले, रस्त्यावरचे आवाज. वृद्ध वकील काकासाहेबांचे ते जुने घड्याळ पाहा. केशवराव दात्यांचा चेहरा आणि ते, दोघेही जणू एकाच घरात थकलेले. फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्या भिंतींमध्ये वावरते, तेव्हा संवादाआधीच आपला जीव गुदमरतो. कलादिग्दर्शन फत्तेलालांचे, शोभेपुरते काहीच नाही.

आपल्या वैशाली नगरात मात्र स्नेहसंमेलनाच्या नाटकाला पडदा भाड्याने येतो. नाटक कोणतेही असो, राजवाडा तोच! पुढच्या वर्षी मुलांना घरचे एखादे जुने घड्याळ आणू द्यावे.